आरशाखालची डबी

आतून कण्हण्याचा आवाज आला तशी ती बाकावरून उठली. पुन्हा बसली. पर्समधली फ्लॉसची डबी चाचपली. वरचा प्लास्टिकचा कागद अजून जसाच्या तसा होता.

"काकू, बसा हो निवांत. नुसती तपासणी चाललीय," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

निवांत म्हणे! मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी तिच्या नवऱ्याला चांगलं खडसावलं होतं. हिरड्या सुजल्यात, वरचे पुढचे दोन दात हलतायत. ब्रश फटीत पोचत नाही, रोज झोपताना फ्लॉसचा दोरा फिरवायचा. पुढच्या वेळी हिरड्या अशाच दिसल्या तर दोन्ही दात काढायचे.

तिनं त्याच दिवशी डबी आणून आरशाखाली ठेवली. पण ऐकेल तो नवरा कसला! लांबच्या बसवरचा ड्रायव्हर. आठवडाभर दुसऱ्या टोकाला मुक्काम, घरी तेवढा रविवार. जेवला की सोफ्यावर आडवा.

"अहो, तो दोरा फिरवा ना."

"फिरवतो गं. डोकं खाऊ नकोस."

फोनवर आठवण करावी तर, "अगं, डेपोत एका आरशापुढं ही गर्दी. तिथं कुठं दोरे ओढत बसू?"

म्हणून आज तिनं ती डबीच सोबत आणली होती. डॉक्टरबाईंपुढं ठेवायची, त्या तरी कान उपटतील. त्याच्या हसण्यावर भाळून तिनं लग्न केलं होतं. पुढचे दोन दात गेल्यावर तो तसा हसेल का, या विचारानं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दार उघडलं. डॉक्टरबाई हातमोजे काढत बाहेर आल्या.

"काढावे लागणार?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"छे हो! वाचले दात. सूज उतरलीय, रक्त येत नाही. नुसत्या ब्रशनं हे होत नाही. मन लावून फ्लॉस केलाय."

"ह्यांनी?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बिचारे! डेपोतल्या त्या गर्दीतही करत होते, आणि आपण मात्र त्यांच्या चुगल्या सांगायला निघालो होतो. तिनं पर्सची चेन ओढून घेतली.

"खरं श्रेय तुमचं," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "आत तेच सांगत होते. दोरा हातात दिल्याशिवाय बायको झोपूच देत नाही म्हणे. फक्त रविवारचा चुकतो."