एक जानेवारीचा आशीर्वाद

एक जानेवारी १९९४. अमेरिकेतल्या वूस्टरच्या हॉस्पिटलात बेलांजेआजोबा सकाळपासून हात उचलून मुलाकडे पाहत होते. पक्षाघातात इंग्रजी गेलं होतं. उरलं होतं लहानपणचं फ्रेंच. “नर्स, डॅडना काय हवंय?” रेमंड रडकुंडीला आला. मला ठाऊक होतं. पक्षाघाताआधी एकदा दाखल होते, तेव्हा आजोबांनीच सांगितलेलं. आपल्याकडे वाकलं की आशीर्वाद मिळतो. यांच्या फ्रेंच-कॅनेडियन लोकांत नववर्षाच्या दिवशी मुलानं गुडघे टेकून मागायचा, तोही फ्रेंचमध्ये. “गुडघे टेका, आशीर्वाद मागा!” तो धपकन बसला. “कसा मागू? शाळेत चिडवतील म्हणून डॅडनी फ्रेंच शिकवलंच नाही!” मलाही ते शब्द येत नव्हते. “डॅड, प्लीज!” तो इंग्रजीतच विनवत राहिला. आजोबा वाट पाहत राहिले. हात गळून पडला. मी तो उचलून रेमंडच्या डोक्यावर ठेवला. “थँक्यू, डॅड,” तो पुटपुटला. माझी बोटं आजोबांच्या मनगटावर होती. नाडी लागत नव्हती.