अठ्ठावन्नानंतर

"छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न," संस्कृती म्हणाली आणि गप्प बसली.

"मग?" चेतनानं विचारलं.

"मग पप्पा."

आता बोला! बाळे स्टेशनापलीकडच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर आठ दिवस हेच चाललं होतं. सीनियर केजीच्या मॅडमनी ग्रुपवर टाकलं होतं, सोमवारी शंभरपर्यंत अंक तोंडी घेणार, पालकांनी घरी सराव करून घ्यावा. चेतनानं काय करायचं बाकी ठेवलं नाही. चिंचोके मांडले, तांदळाच्या ताटात बोटानं आकडे काढून घेतले, जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं लिहिले. पोरगी अठ्ठावन्नपर्यंत सुसाट यायची आणि तिथं अडून बसायची. लाडीगोडी झाली, डोळे वटारून झाले, ढिम्म हलायची नाही.

तिची तरी काय चूक? तिला अंक शिकवले ते घरामागच्या रुळांनी. तिचा बाप सुबोध मालगाडीचा गार्ड. कोळशाची गाडी आली की मायलेकी गच्चीवरून डबे मोजायच्या. काळे, एकसारखे अठ्ठावन्न डबे, आणि त्यांच्यामागं सगळ्यात शेवटी गार्डाचा एवढासा डबा, त्याच्या दारात हिरवी झेंडी. दर वेळी सुबोधच असायचा असं नाही. पण दुसरा कुणी गार्ड असला तरी तोही हात करायचा, आणि एवढ्या लांबून पोरीला सगळे पप्पाच. चेतनानंही कधी तिला दुरुस्त केलं नव्हतं.

"अगं, एकोणसाठ म्हण की. एकदाच."

"एकोणसाठ नसतोच मम्मी. तू पण बघितलीस की गाडी."

चेतनाला हसू फुटलं आणि लगेच मावळलं. चार दिवसांपूर्वी सुबोधचा फोन आला होता. "या गाड्यांचा गार्डाचा डबा काढलाय गं. मागं आता नुसती एक पेटी लावतात, लाल दिवा लुकलुकतो तिचा. मला नागपूरकडं पाठवतायत. महिन्यातून एकदा जमलं तर येईन. तिला तू सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं." चेतना म्हणाली होती, सांगते. मग रोज उद्यावर ढकललं. नशिबानं चारही दिवस गाडी गेली ती पोरगी शाळेत असताना. आज मात्र रविवार होता.

दुपार कलली होती. जुन्या साडीवर कुरडया वाळत होत्या, खालच्या कडुलिंबाचा मोहर गच्चीभर सांडला होता, त्याच्या वासानं डोळ्यांवर झापड येत होती. उन्हात रूळ पाण्यात बुडाल्यासारखे हलत होते. आता सांगावं, असं चेतनाच्या मनात दहादा आलं. चार वाक्यंही तिनं जुळवली. पप्पा मोठे साहेब झालेत, लांब गेलेत, असं काहीतरी. खोटंच होतं सगळं.

तेवढ्यात गच्ची थरथरायला लागली.

"आली!" संस्कृती कठड्याशी धावली.

इंजिन गेलं आणि डबे सुरू झाले. गाडी इतकी सावकाश चालली होती, की थोड्या वेळानं चेतनाला वाटायला लागलं, डबे जागच्या जागी आहेत आणि ही गच्चीच पुढच्या पाकणी स्टेशनाकडं निघालीय. आपण, पोरगी, कुरडया, कडुलिंब, सगळंच्या सगळं. पोरीचा आवाज संथ, गाण्यासारखा येत होता. बत्तीस. तेहतीस. चौतीस. ही गाडी अशीच चालत राहू दे बाबा, संपू नको देऊ, असं चेतनानं मनात म्हटलंही.

"अठ्ठावन्न!" संस्कृती ओरडली आणि तिनं हात उंच केला.

शेवटच्या डब्याच्या पाठीला एक लाल दिवा लुकलुकत होता. तो बघता बघता वळणाआड गेला. गच्चीची थरथर थांबली. खाली रूळ मोकळे पडले होते.

पोरीचा हात तसाच वर. चेतनाला जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही सापडेना.

"संस्कू, इकडं ये. सांगते तुला."

पोरीनं वळूनही बघितलं नाही. रुळांवरच नजर लावून ती हळूच म्हणाली, "एकोणसाठ."

चेतना जागच्या जागी थिजली.

"साठ," संस्कृती म्हणाली. तिची मान डावीकडून उजवीकडं सावकाश फिरत होती, जाणाऱ्या डब्याबरोबर फिरते तशी. मग परत डावीकडं. "एकसष्ट. बासष्ट."

म्हणजे येत होतं! सगळं येत होतं बयेला. आठ दिवस जे ऐकायला जीव टाकला, ते आता कानांना सोसवेना. त्या इवल्या तोंडावर हात ठेवावा असं चेतनाला झालं. "बास गं राणी. आलं तुला. बास आता."

"थांब की मम्मी. आज गाडी लई लांब हाय."

त्रेसष्ट गेला, चौसष्ट गेला. सत्तर गेला. वर धरलेल्या हाताला कळ लागली तशी पोरीनं तो दुसऱ्या हातानं कोपराशी धरला, पण खाली घेतला नाही. एकोणऐंशीला मात्र ती अडखळली. घाबरून तिनं आईकडं बघितलं, गाडी आपल्यामुळंच अडली की काय अशी.

"मम्मी, पुढं काय? लवकर सांग की!"

चेतना तिच्याशेजारी कठड्याला टेकली. खाली बघितलं. मग तिनंही हात वर केला आणि म्हणाली, "ऐंशी."