लाल बिस्किटावरचं नाव

झाग्रेबच्या नाताळ बाजारात ल्येर्का गिऱ्हाइकांना हृदयाच्या आकाराच्या लाल बिस्किटांवर साखरेने नावं लिहून देई.

भर दुपारी एक म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला, "यागोदा लिहा."

तिचा हात थबकला. सात वर्षांपूर्वी पोटातच गेलेल्या लेकीसाठी तिने हे नाव मनात धरलं होतं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

पाठोपाठ एका जोडप्याने तेच नाव मागितलं.

"आज यागोदाबाईंचा वाढदिवस दिसतोय!" शेजारी बसलेला तिचा नवरा हसला.

मग एका बाईनेही तेच नाव सांगितलं, तेव्हा ल्येर्काने विचारलंच, "ताई, ही यागोदा कोण हो?"

"ती काय, तिकडे बर्फाच्या रिंगणात स्केटिंग करतेय. गोड पोर! म्हणते, माझी आई समोरच बसते, तिच्याकडून नाव लिहून आणा."

ल्येर्काला मान वर करवेना. शेजारी नवरा मात्र बर्फाकडे बघून कौतुकाने कुणाला तरी हात हलवत होता.