नदीत पडलेला शिक्का

“साहेबांच्या नावाखाली पहिला शिक्का तुमचाच, पाशामियाँ,” अनंतराव वकील म्हणाले आणि त्यांनी अर्ज दुकानाच्या फळीवर पसरला.

पाशामियाँ नांदेडात चाळीस वर्षं पितळेवर नावं कोरत होते. तहसीलदारापासून तेलाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. पण गावात त्यांना मान होता तो एकाच कामाचा. रियासतीच्या वजीरसाहेबांचा शिक्का त्यांनी कोरला होता.

साहेब वर्षभरापूर्वी माजी झाले होते. आणि आज सकाळच्या गाडीने हैदराबादहून आलेल्या अखबारात त्यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाल्याची बातमी होती. पद सोडल्यावर त्यांनी मागच्या तारखा घालून हुकूम काढले आणि हदगावकडच्या रयतेची शेतं आपल्या भावाच्या नावावर केली, असा आरोप होता.

शेषेराव मास्तरांनी बातमी चौकात दोनदा वाचली. दुसऱ्या खेपेला तरी काही वेगळं निघेल, अशी त्यांना आशा असावी. हॉटेलात दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. प्लेगच्या साली हाच माणूस गल्लीबोळांतून पायी फिरला होता, त्यानेच दवाखाना उघडला होता. कुणी म्हणालं, अखबारवाल्यांना पैसे चारलेत. एक जण घरी गेला, त्याने साहेबांची तसबीर उतरवली, पुसली आणि पुन्हा तिथेच टांगली.

दुपारपर्यंत वकिलांनी गावाला धीर दिला. साहेबांनी पद सोडलं त्या दिवशी त्यांचा शिक्का भर कचेरीत ठेचला होता. शिक्काच उरला नाही, तर नंतर हुकूम निघतील कसे? म्हणजे हुकूम आधीचेच, कायद्याला धरून. तसा अर्ज लिहिला गेला. जो तो आपला शिक्का खिशात घालून पाशामियाँच्या दुकानासमोर उभा राहिला.

पायरीवर हदगावची केवळाबाई बसून होती. तिला कुणी हटकलंही नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. तिने कनवटीचा हुकुमाचा कागद काढून पुढे केला.

“मियासाब, ह्यो शिक्का कवाचा हाय तेवढं सांगा. कागदावर दोन सालं मागची तारीख हाय म्हणतेत. मला तर औंदा दिवाळीला दावला. परवा कोर्टात पेशी हाय. शेत गेलं तर मी कुठं जाऊ?”

“बाई, आज नको,” अनंतराव म्हणाले.

पाशामियाँनी कागद घेतला आणि डोळ्याला भिंग लावलं.

त्यांच्या घराण्याचा एक नेम होता. जुना शिक्का ऐरणीवर ठेचल्याखेरीज त्याच नावाचा नवा द्यायचा नाही. हरवला असं कुणी म्हणालं, तर आधी गावात दवंडी पिटायची, मग पितळेला हात लावायचा. हा नेम पाशामियाँनी जन्मात एकदाच मोडला होता. चार वर्षांपूर्वी साहेब स्वतः दुकानाची पायरी चढून आले होते. नावेतून उतरताना शिक्का गोदावरीत पडला म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला दवंडीचं सांगायचं कसं? त्यांनी दवंडीवाचूनच नवा शिक्का कोरून दिला आणि आपला सगळ्यात देखणा नग नदीने नेला म्हणून आठवडाभर हळहळत राहिले.

दोन्ही शिक्के डोळे झाकून ओळखावेत, इतके ते त्यांच्या ओळखीचे होते. पहिल्याच्या ठशात नावाच्या उजवीकडे बारीक चांदणी होती. दुसऱ्याच्या ठशात त्यांनी ती मुद्दाम डावीकडे घेतली होती.

केवळाबाईच्या कागदावर चांदणी उजवीकडे होती.

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. चांदणी उजवीकडेच होती. ज्या माणसाच्या नावाने ते चाळीस गावांत मिरवले, तो माणूस ह्याच फळीवर कोपर टेकून खोटं बोलला होता, आणि त्यांनी त्याला वर चहा पाजला होता.

“काय झालं?” अनंतरावांनी विचारलं.

“कचेरीत ठेचला तो दुसरा शिक्का, वकीलसाब. पहिला नदीत पडला म्हणाले, म्हणून मी दवंडीवाचून दुसरा दिला; पण तो पडलाच न्हाई. ह्या कागदावर तोच हाय. तारीख दोन सालं मागची, अन् शिक्का चार सालांमागं बुडालेला.”

मास्तरांच्या हातातला अखबार खाली आला. अनंतराव फळीवरून वाकले आणि हळू आवाजात बोलले.

“दवंडीवाचून शिक्का दिलात, हे बाहेर आलं तर गुन्ह्यातले साथीदार म्हणून तुम्हालाही बेड्या पडतील. अजून काही बिघडलं नाही. अर्जावर शिक्का उठवा. बाईची समजूत मी काढतो.”

पाशामियाँनी केवळाबाईकडे पाहिलं. तिला ह्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. ती नुसती कागद परत मिळण्याची वाट पाहत होती. त्यांनी तो नीट घडी घालून तिच्या हातात दिला.

“परवा पेशीला मी येतो, बाई. हा जपून ठेव.”

मग गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेला स्वतःचा शिक्का त्यांनी काढला. अनंतरावांनी घाईने शाईची गादी पुढे सरकवली. पाशामियाँनी शिक्का ऐरणीवर ठेवला आणि एका घावात ठेचला.

“साहेबांच्या नावाखाली माझं नाव लिहा, वकीलसाब,” ते म्हणाले. “ह्या अर्जात नको. त्या गुन्ह्यात लिहा.”