जावयाचा पहिला घास

पंगत बसली होती, पण अन्नाला कोणी हात लावत नव्हतं.

अंगणात मनिराम आणि त्याच्या भावकीतले सहा जण. पुढ्यात पत्रावळी, वाफाळता भात, वरण, उडदाचे वडे. धाकट्या भावाची बरसी, म्हणून मनिरामला यावं लागलं, एवढंच. भावाची बायको धुरपताबाई. मागच्या साली शेजारचं पोर तिच्या हातचा लाडू खाऊन ओकलं. दुसऱ्या दिवशी ते गल्लीत हुंदडत होतं, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बाईच्या हातात काहीतरी आहे, म्हणाले. तेव्हापासून तिच्या घरचं पाणीही कोणी पीत नव्हतं.

शेवटी तिच्या लेकीनं, निशानं, तोडगा काढला होता. पहिला घास जावई घेईल, मग बाकीचे. मनिराम कसाबसा हो म्हणाला होता.

जावई म्हणजे चंद्रकुमार. गोंदियात कापडाचं दुकान. वर्षभरात तीस किलो उतरला होता, आणि कोणी विचारलं की छाती काढून सांगायचा, "रोज मुर्री गावापर्यंत पायी जातो." खरी गोष्ट फक्त निशाला ठाऊक. नागपूरला जाऊन त्यानं वजन उतरवायला ऑपरेशन करून जठराला पट्टा बांधून घेतला होता. घास जरा मोठा झाला की वरच अडकायचा, आणि भात तर हमखास. धानाच्या जिल्ह्यात राहून हा माणूस मुगाच्या पातळ वरणावर दिवस काढत होता. आज येताना कोहमाऱ्याच्या फाट्यापासून निशा बजावत आली होती, "लहान घास घ्या. वीस डाव चावा. वरून पानी पिऊ नोका."

पण सात माणसं टक लावून बघत असताना वाटाण्याएवढा घास घ्यायची त्याला लाज वाटली. त्यानं भात कालवला, मूठभर उचलला आणि चारदा चावून गिळून टाकला. मूर्खपणा, दुसरं काय!

"मस्त झालं जी जेवन," तो म्हणाला. मनिरामनं भाताला बोटं लावली.

तेवढ्यात चंद्रकुमारच्या छातीत मधोमध दगड बसला. तोंडात लाळ भरून आली, कपाळावर घाम फुटला. तो उठला, पण न्हाणीपर्यंत पोचला नाही. अंगणाच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, भात जसाच्या तसा बाहेर पडला.

मनिरामनं बोटं झटकली. "पाह्यलं? आता तं डोयानं पाह्यलं!"

"माह्या लेकीचा धनी हाय थो," धुरपताबाई म्हणाली. वाढायची पळी तिच्या हातातच होती. "मी त्याले कायले काही घालीन?"

"थे तुलेच माईत."

"पित्त झालं असन," चंद्रकुमार तोंड पुसत म्हणाला.

"एका घासात पित्त? आतापावतर तं चांगले होते ना जवाई!" मनिराम उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा उठला, तिसरा उठला. "आता ही बाई या गावात राहाची नाही. आजच बैठक बसवतो."

धुरपताबाईच्या पळीतून वरण मातीवर गळत होतं. निशानं नवऱ्याकडे पाहिलं. 

चंद्रकुमारनं शर्टाची बटणं सोडली. ढिली पडलेली कातडी, तिच्यावर चार-पाच बारीक व्रण. त्यानं मनिरामचा हात धरला आणि बरगडीखाली दाबला.

"लागलं काही?"

"गाठ हाय का?"

"बटन हाय, काकाजी. आत जठराले पट्टा बांधला हाय, डाक्टर इथून सुई टाकून थो कसते. मोठा घास घेतला का वापस येते. घरी येते, दुकानात बी येते. मीच लपवून राहिलो होतो."

"मंग थे मुर्रीपर्यंत चालनं?" मागून कोणीतरी विचारलं.

"सालभरात मुर्रीले गेलोच नाही जी."

एक जण फिसकन हसला. चंद्रकुमारचे कान तापले. मनिरामनं मात्र हात काढून घेतला.

"पट्टा असन. पन म्या काय पाह्यलं? इच्या हातचं खाल्लं न् ओकलं."

 चंद्रकुमार उघड्या शर्टानं परत पत्रावळीवर जाऊन बसला.

"आई, जरासा भात कुस्करा. वरण जास्त घाला. अन् तुमच्या हातानं भरवा."

"नोका," निशा पुटपुटली. एकदा अडकलं की गळा सुजतो, त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा खाली उतरत नाही. तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

धुरपताबाई खाली बसली. तिनं भात पार लोण्यासारखा मऊ केला आणि बोटांच्या टोकावर इवलासा घास घेतला. निशाला लहानपणी भरवायची, तसा.  चंद्रकुमारनं तोंड उघडलं.

सगळे उभ्यानं त्याच्या जबड्याकडे पाहत राहिले. निशा मनात मोजत होती. अठरा, एकोणीस, वीस.

त्यानं गिळलं.

"गेला का जी खाली?" धुरपताबाईनं विचारलं.

चंद्रकुमारनं मिटल्या तोंडानं मान डोलावली. 

 मनिराम मांडी घालून बसला, पत्रावळ जवळ ओढली आणि वड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बाकीचेही बसले. कोणीतरी वरण मागितलं. धुरपताबाई डोळ्यांना पदर लावून लगबगीनं वाढायला उठली.

पंगत उठेपर्यंत ओकायचं नाही म्हणून चंद्रकुमार तोंड घट्ट मिटून ताठ बसला होता. त्याचे गाल लाळेनं हळूहळू फुगत होते. निशा अजून मोजतच होती. एक्केचाळीस, बेचाळीस...