दुहेरी पदर

"गावात एकेचाळीस, वस्तीत एकही नाही." मन्मथनं तक्ता पुढं सरकवला. "मॅडम, निष्कर्ष सरळ आहे."

डॉक्टर पंचशीलानं बौद्धवस्तीतल्या सरजाबाईच्या ओट्यावर बसूनच आकडे पुन्हा मोजले. बरोबर होते. तिचे चार विद्यार्थी औसा तालुक्यातल्या या गावात तीन दिवस घरोघर नारूचे रोगी शोधत हिंडले होते. गावात दर तिसऱ्या घरी सुजलेला पाय आणि फोडातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा जंत. बौद्धवस्तीत कुणालाच काही नाही.

कारण लपलेलं नव्हतं. गाव बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचं. नारूचा पाय पाण्यात पडला की पाणी नासायचं, आणि ते पिणाऱ्याला वर्षभरानं नारू निघायचा. वस्तीला बारवेची पायरी बंद होती. तिचा आड निराळा, दोरानं शेंदायचा. त्यात कुणाचा पाय पडत नव्हता.

तक्त्याखाली मन्मथनं लिहिलं होतं : 'वेगळ्या पाणवठ्यामुळे वस्तीचे संरक्षण झाले.'

"हे कुणी सांगितलं?"

"आकड्यांनी, मॅडम." मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हळूच, "खोडू का?"

"खोटं असतं तर खोड म्हटलं असतं. पाण्यात पाय पडत नव्हता, एवढंच आकडे सांगतात. 'वेगळ्या' तू घातलंस. 'शेंदायच्या' लिही."

मन्मथ कानापर्यंत लाल झाला. त्यानं एक शब्द खोडून दुसरा लिहिला.

आड यंदाच्या दुष्काळात शिमग्याआधीच आटला होता. जिल्हा नवा, कलेक्टर नवे. त्यांनी हुकूम काढला, फौजदार बारवेच्या तोंडाशी उभा राहिला, आणि आठ दिवसांपूर्वी वस्तीतल्या बायका पहिल्यांदा बारवेत उतरल्या. आता त्यांना काय सांगायचं ते पंचशीलाला माहीत होतं. कसं सांगायचं, ते नव्हतं.

सरजाबाई घागर घेऊन आली. पायऱ्यांवर पहिलं पाऊल तिनंच टाकलं होतं. मागोमाग पाच-सहा बाया तांबे घेऊन टेकल्या.

"डाक्टरीनबाई, नाव काय म्हनलाव तुमचं?"

"पंचशीला."

"अगं माय! आपलंच लेकरू की!" सरजाबाईनं तांब्या बुडवून भरला. "मग आधी पानी प्या. बारवेचं हाय. सत्तावीस पायऱ्या. मोजून उतरले म्या."

तांब्यातलं पाणी निवळशंख दिसत होतं.

"मावशी, हे गाळून प्यायचं. सगळ्यांनी. पाच मिनिटांचं काम आहे. बारवेत नारू आहे."

बायकांत खसखस पिकली. सरजाबाईही हसली. "पाटलीन बी हेच म्हनली बगा. 'नारू व्हतो गं, तुमी नका उतरू, आमीच वरून वाढतो.' चाळीस वर्सं न्हाई सांगितलं. आमी उतरलो अन् नारू आला."

"नारू खरा आहे, मावशी."

"पाटलीन खरं बोलली म्हना की मग!"

पंचशीलानं पदराची दुहेरी घडी केली, दुसऱ्या तांब्याच्या तोंडावर ताणली आणि सरजाबाईनं दिलेलं पाणी त्यावर हळूहळू ओतलं. हसणं थांबलं.

"आमच्या हातचं," सरजाबाई म्हणाली, "तुमी बी गाळून घेताव?"

पंचशीला गाळलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. सरजाबाई तिच्या ओल्या पदराकडं बघत राहिली. मग तिनं पुन्हा तांब्या भरला आणि मन्मथपुढं धरला. तिची नजर त्याच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर होती.

"तुमी तर काय, घ्यायचेच न्हाईत."

मन्मथनं तक्त्यातल्या खोडलेल्या शब्दाकडं पाहिलं.

"मन्मथ," ओला पदर पुढं करत पंचशीला म्हणाली.

त्यानं तांब्या तसाच तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

"ह्याला म्हनावं मानूस!" सरजाबाईचे डोळे भरून आले. मागच्या बायांनी एकेक करून आपापले तांबे घागरीत बुडवले. तसेच तोंडाला लावले.

पंचशीलानं त्याच्या हातातून तक्ता घेतला. वस्तीच्या रकान्यातल्या शून्यापुढं, पुन्हा मोजायची म्हणून, आजची तारीख घातली. साल मात्र पुढचं लिहिलं.