उघडं दार

इंदुमती तुळसकर चौकशीच्या खोलीत शिरली, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला येणारा युनियनचा विलास सावळ मॅनेजरच्या शेजारच्या खुर्चीत आधीच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटं भाजतात, म्हणून कारखान्यातल्या बायकांनी हातमोजे मागितले होते. त्या मागणीत सगळ्यांच्या पुढे इंदुमती होती. आठवड्याच्या आत तिच्या पिशवीत तिने न ठेवलेले काजूगर सापडले. मॅनेजर तिला त्याच दिवशी कामावरून काढायला निघाला होता.

"माझी बाजू ऐकल्याशिवाय काढता येणार नाही," ती म्हणाली होती. "आणि मध्ये तिसरा माणूस बसवा."

"मध्यस्थ कुठे आहे?" तिने आता विचारलं.

"हे विलासरावच मध्यस्थ," मॅनेजर हसला. "तुळसकरबाई, घरचं भांडण घरातच मिटवू. आपणहून राजीनामा द्या. तुमची बहीणसुद्धा इथेच कामाला आहे ना?"

इंदुमती वळली आणि तिने दार सताड उघडलं. पलीकडे काजू सोलणारे हात एकदम थांबले.

"माझं मीच बोलते," ती मोठ्याने म्हणाली. "काय आरोप आहे तो सगळ्यांसमोर वाचा."

मॅनेजर ताडकन उठला आणि त्याने लावून घ्यायला दार ओढलं. ते हललं नाही. बाहेरून बायकांनी ते धरून ठेवलं होतं.